नायिकेसाठी स्थळ पाहणारे वाचक

कर्वेनगरमध्ये दर रविवारी सकाळी मी जपानी भाषेची एक छोटी शिकवणी घेतो. अकरा जण येतात. काही महाविद्यालयात शिकतात, तर काही हिंजवडीच्या कंपन्यांत जपानी ग्राहकांशी बोलण्याचे काम करतात. परीक्षेच्या तयारीला जोड म्हणून मी त्यांना मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायला लावतो. कारण अर्धवट सोडलेली वाक्ये, बोलण्यातला आदर आणि माणसे एकमेकांपासून किती अंतर राखून बोलतात, हे पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे लवकर कळते. गेल्या वर्षी आम्ही प्रेमकथांकडे वळलो आणि तास दर वेळी एकाच ठिकाणी अडू लागला. प्रकरण वाचून संपते न संपते तोच कोणीतरी म्हणते की हा मुलगा तिच्या लायकीचा नाही. दुसऱ्याला वाटते, तो दुसरा इतका चांगला आहे, त्यालाच तिने हो म्हणायला हवे होते. तिसरा नायिकेलाच दोष देऊन मोकळा होतो: हिला काय हवे ते हिलाच ठाऊक नाही.

हे बोलणे आपण आधी कुठेतरी ऐकले आहे असे मला वाटत राहिले, आणि मग धाकट्या बहिणीच्या लग्नाआधीची दोन वर्षे आठवली. आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू आमच्या बाहेरच्या खोलीत बसून याच सुरात बोलत असत. अमका शिकलेला आहे पण तापट वाटतो, तमक्याची नोकरी साधी असली तरी माणूस सालस आहे, आणि आमच्या मुलीचे काही नक्की होत नाही. माझ्या वर्गातल्या मुलामुलींसमोर घरी कोणी 'स्थळ' हा शब्द नुसता उच्चारला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कथा वाचताना मात्र तीच मुले नायिकेसाठी स्थळे पाहतात, आणि तीही त्या काकूंइतकीच मन लावून.

भावनांचा गुंता मांडणाऱ्या प्रेमकथांवर तरुण वाचक ज्या प्रतिक्रिया देतात, त्यांविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. चित्रांच्या गोष्टींवर एवढे भांडण्यासारखे काय आहे, असे वडीलधारे म्हणतात. तरुणांचे म्हणणे असे, की मला जे वाटले ते वाटले, त्यावर वाद कसला? मला दोन्ही पटत नाहीत. वाचकाची प्रतिक्रिया हा वाचनाचाच भाग असतो, म्हणून ती गंभीरपणे घेतली पाहिजे. आणि वाचनाचा भाग असल्यामुळेच ती अपुरी आहे, उतावळी आहे किंवा नेमकी आहे, असे म्हणण्याची मुभाही असली पाहिजे. वाचकाला राग येतो याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या रागाचा लगेच निकाल करून प्रकरण मिटवून टाकले जाते, ही माझी तक्रार आहे.

आइ याझावा यांच्या 'नाना' या मालिकेचे उदाहरण घेतो. (पुण्यात नाना म्हटले की एक तर पेठ आठवते नाही तर फडणवीस, वर्गातला पहिला अर्धा तास या विनोदातच गेला.) येथे नाना नावाच्या, वीस वर्षांच्या दोन मुली तोकियोला जाणाऱ्या आगगाडीत योगायोगाने शेजारी बसतात आणि पुढे ७०७ क्रमांकाच्या एका घरात एकत्र राहू लागतात. एक कडक, गाणारी, स्वतःच्या बँडसाठी जगणारी. दुसरी लाघवी, सतत कोणाच्या तरी आधाराला टेकणारी, म्हणून पहिलीने तिचे नाव, जपानमधल्या एका प्रसिद्ध इमानी कुत्र्यावरून, हाची ठेवलेले. हाचीचे प्रेम नोबुवर बसते. तो पिढीजात धर्मशाळावजा हॉटेलचा वारस, पण ते सोडून संगीतामागे आलेला मवाळ मुलगा आहे. त्याआधी तिचे ताकुमीशी संबंध आलेले असतात. ताकुमी म्हणजे गाजलेल्या बँडचा म्होरक्या, यशस्वी, हुकूम गाजवणारा, बाहेरख्याली. हाचीला दिवस जातात. मूल कोणाचे हे तिला सांगता येत नाही. ताकुमी मुलाची जबाबदारी घेतो म्हणतो, आणि ती त्याच्याकडे जाते.

माझ्या वर्गातल्या अकरांपैकी दहा जणांनी नोबुला कौल दिला. अकरावा म्हणाला की ताकुमीची मिळकत चांगली आहे, आणि त्यावर बराच गोंधळ झाला. पण नोबुचे समर्थक आणि तो एकटा मुलगा यांच्या वाचनात मुळात फरक नव्हता. दोन्हीकडे मुलेच तोलली जात होती. दुसऱ्या नानाबद्दल कोणी बोललेच नाही. खरे तर मालिकेत हाचीचे जे निवेदन येते, ते पुष्कळ काळ लोटल्यानंतरच्या एका हाचीचे आहे, आणि ती ज्या व्यक्तीला उद्देशून बोलते ती नोबुही नाही आणि ताकुमीही नाही. ती नाना आहे. ताकुमीकडे जाण्याने हाची ७०७ मधून उठते, आणि गोष्टीला खरी जखम तिथे होते. स्थळ पाहणाऱ्याला ही जखम दिसण्याचे कारणच नाही, कारण पत्रिका जुळवताना मैत्रिणीचे घर कोणी पाहत नाही. २००९ साली लेखिकेच्या आजारपणामुळे मालिका थांबली ती आजतागायत थांबलेलीच आहे; एकवीस खंड झाले, शेवट नाही. तरीही निकाल देणाऱ्यांचे काही अडत नाही.

एवढे म्हटल्यावर वर्गातल्या मुलींची बाजू मी घेतलीच पाहिजे, कारण त्यांच्या कडकपणामागे जे आहे ते मला बराच काळ दिसले नव्हते. जपानीत 'काताओमोई' असा शब्द आहे: एका बाजूची ओढ. त्याला लाजरा, कोवळा वास आहे. मनात ठेवलेले, कदाचित कधीच न सांगितलेले प्रेम. मी सवयीने त्याचे भाषांतर 'एकतर्फी प्रेम' असे केले आणि एका मुलीने तिथल्या तिथे हरकत घेतली. मराठीत हा शब्द एकटा येतच नाही, ती म्हणाली; तो 'एकतर्फी प्रेमातून' असाच येतो, आणि त्याच्या पुढे हल्ला असतो किंवा खून. ती बातम्यांच्या मथळ्यांविषयी बोलत होती आणि तिचे बरोबर होते. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा, भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. आसपासच्या तरुणांनी धावून जाऊन तिला वाचवले. माझ्या वर्गातल्या दोघी त्याच भागातल्या अभ्यासिकेत रोज जातात. नकार मिळाल्यानंतरही नायक पावसात मुलीच्या घराखाली उभा राहिलेला असतो, आणि मासिकाच्या संपादकाला ते चित्र हळवे वाटत असेल, तेव्हा या दोघींना काय आठवावे? त्यांची प्रतिक्रिया उथळ म्हणणाऱ्याने अंधार पडल्यावर त्या गल्लीतून एकदा मुलगी होऊन चालून पाहावे.

शिवाय या प्रकारच्या कथांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचेही कारण नाही. मुलगी भिंतीला टेकलेली, मुलाने तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर हात आपटून तिची वाट अडवलेली: जपानीत या हालचालीला 'काबेदोन' असे खास नाव आहे आणि कित्येक लोकप्रिय कथांत ती रोमांचकारी म्हणून रंगवलेली असते. आमच्या वर्गात हे चित्र आले तेव्हा मुलगे हसले. मुली हसल्या नाहीत.

अडचण यानंतर सुरू होते. दंडेलीलाच गोडवा लावणारी कथा वेगळी, आणि एक शहाणी बाई दंडेली करणाऱ्या माणसाकडे का जाते, गेल्यावर तिचे काय होते, हे डोळे उघडे ठेवून दाखवणारी कथा वेगळी. माझे वाचक दोन्हींवर एकच शिक्का मारतात: 'टॉक्सिक'. पहिल्या कथेला तो शिक्का शोभतो, कारण तिथे वाद लेखकाशी आहे. दुसऱ्या कथेत मात्र गंमत होते. लेखिकेने जे प्रत्येक चौकटीत सांगितले, तेच वाचक तिला उलटून सुनावतो आणि आपण तिला पकडले असे समजतो. ताकुमी कसा आहे हे याझावांना आपल्यापेक्षा कमी माहीत होते, असे मानायला पानापानावरून तरी काही आधार मिळत नाही.

हा घोटाळा पुण्याला नवा नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनातली ओढ आणि कुचंबणा त्या कथांत होती. त्या मुलींना असे का वाटते याचा विचार करण्याऐवजी ही विभावरी कोण, ती स्वतः कशी बाई असेल, याचीच चर्चा अधिक झाली. पात्राच्या मनातले लेखिकेच्या चारित्र्यावर टाकण्याची ती सवय आता जुनी झाली असे आपण समजतो. ते नाव मालती बेडेकरांनी घेतले होते, आणि त्यांचे शिक्षण माझ्या शिकवणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कर्व्यांच्या हिंगण्यात झाले होते.

शिक्का मारण्याची घाई वाचण्याच्या पद्धतीतूनही येते. मांगामध्ये पात्र मोठ्याने जे बोलते ते फुग्यात लिहिलेले असते. मनातले मात्र बहुधा फुग्याविना, चित्रावर मोकळे सोडलेले असते. १९७० च्या दशकात हागिओ मोतो, ताकेमिया केइको यांच्यासारख्या चित्रकार स्त्रियांनी मुलींच्या मासिकांत चौकटी मोडून, एकावर एक चढवून, मोकळ्या जागेत ओळी तरंगत ठेवून ही पद्धत फार पुढे नेली. या स्त्रिया १९४९ च्या आसपास जन्मल्या; जपानी कालगणनेत ते शोवा २४ वे वर्ष, म्हणून त्यांच्या गटाच्या नावातही चोवीसचा आकडा आला. आपल्याकडे नाटकात नट प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत बोलतो तेव्हा बाकीची पात्रे थांबलेली असतात. मांगामध्ये कोणी थांबत नाही. एकाच पानावर तोंड म्हणते, 'मी ठीक आहे'; फुग्याबाहेरची ओळ म्हणते, 'जाऊ नकोस'; नजर तिसरीकडेच असते, आणि पुढची चौकट निव्वळ रिकामी. हे चारही खरे असतात. फोनवर अंगठ्याने पान वर ढकलत वाचणाऱ्याच्या हाती त्यातला फुगा तेवढा लागतो, आणि निकाल फुग्यावर दिला जातो.

मी वर्गात एक साधा उपाय करून पाहिला. पानाची छायाप्रत काढून फुगे कागदाच्या तुकड्यांनी झाकले आणि उरलेले पान आधी वाचायला दिले. नायिकेला 'खोटारडी' म्हणणारा मुलगा त्यानंतर काही म्हणाला नाही. त्याचे मत बदलले असा माझा दावा नाही. तो गप्प बसला, एवढेच मी पाहिले.

काळाचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. रुमिको ताकाहाशी यांची 'मेझोन इक्कोकु' ही मालिका १९८० ते १९८७ अशी चालली. एका जुनाट भाडोत्री घराची व्यवस्था पाहणारी तरुण विधवा क्योको आणि तिथे खोली घेऊन राहणारा, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा नापास झालेला गोदाई यांची ही गोष्ट आहे. क्योकोचा नवरा सोइचिरो लग्नाला वर्षही पुरे होण्याआधी वारला. त्याने घरी आणलेल्या कुत्र्याला ती आता त्याच्याच नावाने हाक मारते. कथेतली वर्षे जवळजवळ वाचकाच्या वर्षांबरोबरच सरकतात. परीक्षा होतात, ऋतू बदलतात, गोदाई पास होतो, नोकरीसाठी वणवण करतो, आणि क्योको ठरवू शकत नाही.

त्या काळचा जपानी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत होता. ते वाट पाहणे त्याला आवडत होते असे नाही. बऱ्याच मासिकांत जोडपत्र असते, त्यावर वाचक आपली पसंती-नापसंती कळवतो, आणि पसंतीत मागे पडलेली मालिका संपादक बंदही करतात. वाचकाचा राग तिथे हिशेबात धरलेला असतो. पण तो राग एका अंकापासून पुढच्या अंकापर्यंत मुरतो, आणि मधल्या दिवसांत वाचक आपले आयुष्य जगतो, स्वतःही काही ठरवू शकत नाही. पुण्यालाही हे वाचन अपरिचित नव्हते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. यमूच्या दुःखाला त्या वाचकांनी हप्त्याहप्त्याने सोबत केली. माझ्या विद्यार्थ्यांनी 'मेझोन इक्कोकु'चे पंधरा खंड इंग्रजी भाषांतरात तीन-चार रात्रींत संपवले, आणि रविवारी येऊन सांगितले की क्योको फार वेळ लावते, गोदाईला नुसते खेळवते. सात वर्षांचा शोक चार रात्रींत आटोपणाऱ्याने शोक करणारीला 'किती वेळ' असे विचारावे, यातला विनोद त्यांच्या लक्षात आला नाही. मलाही तो घरी गेल्यावर सुचला.

येथे कर्वेनगरचे नाव केवळ पत्ता म्हणून राहत नाही. १८९३ साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कर्वे विधुर होते, गोदूबाई अगदी लहान वयात विधवा झालेल्या. मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकले. विधवेने लग्न करावे की नाही, हा त्या काळचा वाद होता आणि सुधारकांचा भर स्वाभाविकपणे अशा बालविधवांवर होता, ज्यांनी नवरा म्हणजे काय हे जाणलेही नव्हते. जिने नवऱ्यावर मनापासून प्रेम केले, जिला ते प्रेम संपवायचे नाही आणि तरीही नवा माणूस हवासा वाटतो, अशा बाईचा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. अधिकाराची लढाई चालू असताना अशा प्रश्नांना सवड नसते, हे मी समजू शकतो. क्योकोची अडचण नेमकी ती आहे. तिला कोणी अडवलेले नाही. सासरासुद्धा तिने नवे आयुष्य सुरू करावे म्हणतो. तिला अडवतो तो सोइचिरो, आणि तो तिच्या आत आहे.

स्थळ पाहण्याच्या दृष्टीने या कथेतला उत्तम मुलगा मिताका आहे. तो श्रीमंत, देखणा, सभ्य, टेनिस शिकवणारा. वर्गात त्याला पाच मते पडली. त्याचा दोष एकच: तो कुत्र्यांना भितो. वाचकांना हा निव्वळ विनोद वाटला, आणि विनोद म्हणूनच तो बराच काळ चालतोही. पण ज्या कुत्र्याला पाहून मिताका जागच्या जागी थिजतो त्याचे नाव काय आहे, हे मी विचारले तेव्हा वर्गात थोडी हालचाल झाली.

शब्दांबद्दल एक छोटी तक्रार राहिली आहे. जपानीत 'सेत्सुनाई' हे विशेषण प्रेमकथांत सारखे भेटते. इंग्रजीतून शिकलेले विद्यार्थी त्याचा अर्थ 'सॅड' असा लिहितात. मराठीत त्याच्या आसपास हुरहुर आहे, घालमेल आहे, जीव कासावीस होणे आहे, तगमग आहे, आणि या चारांत आपण सहज फरक करतो. घरात मराठी बोलणारी मुले कथेबद्दल बोलताना मात्र 'रेड फ्लॅग', 'ग्रीन फ्लॅग' या दोन निशाणांवर येतात. इंग्रजी शब्दांवर माझा राग नाही. 'रेड फ्लॅग' या शब्दाने कित्येक मुलींना धोका वेळीच सांगता आला असेल, आणि तो शब्द त्यांनी सोडू नये. पण ते दार उघडायचे की बंद ठेवायचे हे सांगणारे शब्द आहेत. आतल्या खोलीत काय चालले आहे ते सांगायला दुसरे शब्द लागतात, आणि ते या मुलांच्या आजीकडे अजून आहेत.

'मेझोन इक्कोकु'च्या शेवटाकडे गोदाई सोइचिरोच्या थडग्यासमोर उभा राहतो आणि त्या मेलेल्या माणसाशी बोलतो. क्योको भेटली त्या दिवसापासून तिच्यात तुम्ही होतातच, म्हणून तुम्हालाही धरून मी तिच्याशी लग्न करीन, असे काहीसे तो म्हणतो. आम्ही त्या एका वाक्याच्या भाषांतरावर दीड तास घालवला. 'हिक्कुरुमेते' या शब्दाला 'तुमच्यासकट' हा मराठी शब्द एका मुलाने सुचवला आणि तो इतका चपखल बसला, की क्षणभर सगळे खूश झाले. मग वाद क्रियापदावर आला. मूळ क्रियापद 'मोराऊ' आहे, म्हणजे मिळणे, घेणे. जपानीत बायको करून आणण्यालाही तेच वापरतात. सकट चालेल, पण 'घेईन' कसे चालेल, असे मथळ्यांवर हरकत घेणारी तीच मुलगी म्हणाली. ती काय दुकानातली वस्तू आहे का, आणि क्योको हे मागे उभी राहून ऐकत असताना तिला तो शब्द टोचला नसेल कशावरून? मिताकाचा एक समर्थक म्हणाला की इतक्या चांगल्या वाक्यात तू खोट काढतेस. ती म्हणाली, वाक्य चांगले आहे म्हणूनच काढते, वाईट असते तर पान उलटले असते. मी फळ्यावर 'घेईन', 'आणीन', 'स्वीकारीन' आणि 'माझी मानीन' असे चार पर्याय लिहून ठेवले, तिने चारही खोडले, आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपापला पाचवा पर्याय आणायचा असे ठरले.